सावलीच्या पट्टीत रंगीत झाडं: दहा महिन्यांचा अनुभव

परवा जिन्याखालची कुंडी धुवायला काढली आणि हात थांबला. मातीतून बोटभर गुलाबी कोंब वर आला होता, अळूच्या पानासारखा गुंडाळलेला. नोव्हेंबरात मेलं म्हणून सोडून दिलेलं, रंगीत पानांचं कॅलेडियम! सहा महिने मी भेटेल त्याला "कॅलेडियम घेऊ नका" सांगत होते. ते शब्द मागे घेते.

आमचं घर पुण्यात, तळमजल्यावर. इमारतीच्या उत्तरेला, कुंपणाच्या भिंतीलगत 12 फुटांची पट्टी आहे. दोन्ही अंगांना शेजारच्या इमारती, म्हणून ऊन जवळजवळ नाहीच, उजेड मात्र भरपूर. गेल्या ऑगस्टमध्ये नर्सरीतून 1,650 रुपयांची झाडं आणली: दोन क्रोटन, दोन कॅलेडियम, एक लाल अग्लोनिमा, एक कॅलाथिया. "सगळी सावलीचीच आहेत ताई," असं सांगून दिली.

क्रोटन सावलीचं नाही. जगतं, पण रंग धरत नाही. जुनी पानं लाल-पिवळी राहिली आणि दिवाळीपर्यंत आलेलं प्रत्येक नवं पान हिरवं निघालं. थेट ऊन कमी पडलं की झाड हिरवं द्रव्य वाढवतं, लाल-पिवळा रंग त्याखाली दबतो. गच्चीत नेल्यावर नव्या पानांना पुन्हा रंग आला. म्हणजे झाडं चांगली होती, जागा चुकीची होती. पट्टीपुरते माझे 300 रुपये गेले.

आता कॅलेडियम. नोव्हेंबरच्या मध्याला पानं पिवळी पडून लोळली. मी पाणी वाढवलं. मग फोटो घेऊन नर्सरीत गेले, तर "पाणी कमी पडलं असेल" हे उत्तर. मी भांडले. कारण हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, कोरडा हंगाम जमिनीखालच्या कंदात झोपून काढणारं. 250 रुपयांना विकताना "थंडीत पानं जातील, पाणी बंद करा" एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत होती? सासूबाईंना हे झाड नवीन, पण त्यांनी पान पाहूनच ओळखलं. "अगं, अळूच्या जातीचं आहे हे, खाली कांदा असेल. कुंडी ओतू नकोस." मी निम्मंच ऐकलं. एका कुंडीला जानेवारीपर्यंत पाणी घालत राहिले; उपसली तेव्हा कांदा चिखलासारखा, वास मारणारा. दुसरी जिन्याखाली कोरडी पडून राहिली. पहिल्या पावसाची झड तिच्यावर गेली आणि ती उठली.

पाण्याइतकाच दोष मी लाल मातीला देते, आणि यावर मला सविस्तर बोलायचं आहे. नर्सरीची काळी पिशवी फाडून बघा. आत निव्वळ लाल मातीचा गोळा असतो, दाबलेला, मुळांना घट्ट आवळलेला. उन्हातल्या झाडाचं यात निभावतं, कारण माती लवकर वाळते. सावलीत तोच गोळा वरून कोरडा आणि आतून आठवडाभर ओला राहतो. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पानं मलूल होतात, आणि आपण तहान लागली समजून आणखी पाणी घालतो. आता मी झाड घरी आलं की आठवडाभरात गोळा हलक्या हाताने सोडवते. एक भाग लाल माती, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, थोडी जाड वाळू, मूठभर नीमपेंड. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं आत घालून बघायचं. तेव्हापासून एकही झाड कुजलेलं नाही.

कॅलाथियाने मात्र दमवलं. मार्चच्या कोरड्या हवेत कडा करपल्या, तेवढं समजू शकते. पण मे महिन्याच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. त्यामुळे आमच्या 'सावलीच्या' पट्टीत ऐन उन्हाळ्यात, पाऊस सुरू होईपर्यंत, दुपारी ऊन उतरलं आणि तीन दिवसांत पानं भाजली. उत्तरेच्या बाल्कनीवाल्यांनी तेवढे दिवस हिरवी जाळी बांधाच.

अग्लोनिमाचे 400 रुपये मला फार वाटले होते. दहा महिन्यांत सहाच पानं आली, पण एकही गळलं नाही आणि लाल कड अजून तशीच आहे. त्यामुळे तेही मत बदललं. लहान मूल किंवा मांजर असेल तर उंच ठेवा; अग्लोनिमा आणि कॅलेडियम दोन्ही अळूच्याच कुळातली, चावली तर तोंडाला खाज सुटते.

आणि पट्टीचा निम्मा रंग ज्याने भरला, तो कोलियस मला फुकट मिळाला. शेजारच्या काकूंनी चार फांद्या दिल्या, पाण्याच्या ग्लासात दहा दिवसांत मुळं फुटली. त्याच्या आता अकरा कुंड्या झाल्या आहेत: किरमिजी, पोपटी, मधे जांभळट. तुळशीच्याच कुळातला, म्हणून मंजिऱ्या येतात. त्या दिसताच खुडते, नाहीतर झाड उंच होऊन विरळ पडतं. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) एकदा झाला होता, कापसाने पुसून नीमतेल फवारलं.

गौरी-गणपतीच्या आधी आणखी दोन कॅलेडियम आणणार आहे. पिशवी त्याच दिवशी फाडेन आणि कुंडीवर खडूने लिहून ठेवेन: नोव्हेंबर, पाणी बंद.