कॉलर क्लिप: गळा न आवळता टायची गाठ जागेवर (उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबर हीट काढल्यानंतरचा अनुभव)

रोज आठ-नऊ तास टाय लावून उभं राहणं ज्यांच्या नोकरीतच आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. हॉटेल, एअरलाइनचं काउंटर, बँकेची शाखा, गाड्यांची शोरूम, एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) मंडळी. आपल्याकडे टाय हौसेपेक्षा ड्यूटी म्हणूनच जास्त घातला जातो, आणि टायबद्दल वाचायला मिळतं ते मात्र सगळं लग्नाच्या सुटाबद्दल.

मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो आणि वाशीच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. होळीच्या आसपास कॉलर क्लिप (टायच्या गाठीखालून कॉलरची दोन्ही पानं धरणारी छोटी दांडी) घेतली, आता दिवाळी तोंडावर आली आहे. मत आधीच सांगून टाकतो. क्लिप जरूर घ्या, पण रुबाबासाठी म्हणून नको. रुबाब येतोच. खरा फायदा हा की गळा आवळून न घेता गाठ दिवसभर वर राहते. माझ्या दृष्टीने एवढ्या एका कारणासाठी ती घेण्यासारखी आहे.

टायची गाठ ही सरकगाठच आहे. बारीक पट्टीवरून ती वर सरकते, म्हणून तर आपण ती गळ्यापर्यंत चढवू शकतो. जी चढते ती उतरणारही. चांगला सिल्कचा टाय निदान स्वतःला धरून ठेवतो. युनिफॉर्मचे टाय बहुतेक पॉलिस्टरचे, गुळगुळीत, आतलं अस्तर पातळ. गेस्टचं ओळखपत्र घ्यायला वाकलो, स्क्रीनकडे मान वळवली, फोन खांद्यात धरून रजिस्टरमध्ये लिहिलं, की दर वेळी गाठ थोडी खाली. मॉर्निंग शिफ्टला सकाळी सातला लावलेली गाठ चेकआउटची गर्दी ओसरेपर्यंत इतकी उतरलेली असते की वरचं बटण उघडं पडतं आणि कॉलरची पानं दोन बाजूंना फाकतात. मग आपण हात घालतो आणि गाठ वर खेचतो. दुपारपर्यंत हे सतत चालू. दर खेचण्याने गाठ लहान आणि कडक होत जाते आणि कॉलरची पट्टी मानेत रुतते.

हा आवळण्याचा प्रकार मला आधीपासून खटकत होता, कारण वडिलांना काचबिंदू आहे आणि घरात डोळ्याच्या दाबाची चर्चा कायम असते. २००३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीमध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. घट्ट टाय बांधल्यावर काचबिंदूच्या रुग्णांच्याच नव्हे, तर निरोगी पुरुषांच्याही डोळ्यातला दाब वाढलेला त्यात आढळला. मानेतल्या शिरेवर दाब आल्यामुळे हे होत असावं, असा त्यांचा कयास होता. टायमुळे काचबिंदू होतो असं त्यात म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण आठवड्यातले सहा दिवस ज्याला टाय लावायचा आहे, त्याने तो सैल ठेवायची सोय शोधलेली बरी, एवढं मला त्यावरून पटलं.

आता वस्तूबद्दल. कॉलर क्लिप म्हणजे साधारण पाच-सहा सेंटिमीटरची धातूची बारीक दांडी, दोन्ही टोकांना छोटे चिमटे. ती कॉलरच्या दोन पानांच्या कडांना धरते आणि गाठीच्या खालून जाते. टायपिन वेगळी. टायपिन पोटाच्या वर, टायची पट्टी शर्टाच्या बटणपट्टीला धरून ठेवते. वाकल्यावर टाय लोंबू नये म्हणून ती असते, आणि गाठीशी तिचा काही संबंध नाही. दुकानात जाऊन ‘टायसाठी काहीतरी दाखवा’ म्हटलं तर दहापैकी नऊ ठिकाणी टायपिनच पुढे येते, म्हणून नाव घेऊन मागा.

कॉलर क्लिपला दोन भावंडं आहेत. एक बार, म्हणजे दोन्ही टोकांना फिरवून काढता येणारे मणी असलेली दांडी. तिच्यासाठी कॉलरला दोन्ही बाजूंना भोकं लागतात. दुसरी पिन, सेफ्टीपिनसारखी, सरळ कापडातून टोचायची. पिन मी वापरत नाही. कॉलरच्या आत बकरम (कडक अस्तर) चिकटवलेलं असतं, त्यातून रोज सुई गेली की कापड चाळणीसारखं होतं. बारसाठी मी एका शर्टाला भोकं करून घेतली. ठाण्यात काज-बटणाचं काम करणारे कारागीर अजून मिळतात, त्यांच्याकडून गोल काज विणून घेतलं. काम सुरेख झालं, दिसायलाही बार क्लिपपेक्षा उजवा आहे. पण त्या शर्टावर बारशिवाय टाय लावता येत नाही, भोकं दिसतात. शिवाय युनिफॉर्मचा शर्ट कंपनीचा असतो, त्याला भोक पाडायची परवानगी कोण देणार? म्हणून नोकरदाराने क्लिपच घ्यावी.

लावायची पद्धत नीट समजून घेतली तर दहा सेकंदांचं काम आहे. वरचं बटण लावायचं, गाठ बांधायची, पण नेहमीपेक्षा सैल. कॉलर आणि मान यांच्यामध्ये एक बोट सहज फिरलं पाहिजे. मग गाठ दोन बोटांनी किंचित पुढे उचलायची आणि दांडी गाठीच्या लगेच खालून, टायच्या दोन्ही पट्ट्यांच्या मागून सरकवायची. आधी डावं पान चिमट्यात धरायचं, साधारण कडेच्या मध्यावर. मग उजवं, त्याच उंचीवर. इथे आरसा हवाच. एक बाजू चार मिलिमीटर खाली गेली तरी समोरच्याला कॉलर वाकडी दिसते. आता गाठ दांडीवर टेकते आणि टाय छातीवर सपाट न पडता कमानीसारखा जरा पुढे येऊन खाली उतरतो. गाठीखालची खळी, जी पॉलिस्टरच्या टायला एरवी टिकतच नाही, ती या कमानीमुळे संध्याकाळपर्यंत राहते. आणि दांडी ओढून धरते ती कॉलरची पानं, मानेभोवतीची पट्टी नव्हे. म्हणून गळ्याला काही जाणवत नाही. आमच्याकडच्या एका ट्रेनीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, “सर, घुसमटत नाही का हे?” त्यालाच लावून दिली. दुपारी परत मागायला गेलो तर तो द्यायला तयार नव्हता.

गाठ कुठली, याने फार फरक पडतो. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये टायच्या गाठींचं गणित मांडलं होतं. नेहमीच्या टायच्या लांबीत बसणाऱ्या ८५ गाठी त्यांनी मोजून दाखवल्या. त्यांच्या मोजणीत साध्या फोर-इन-हँडला ४ वळसे लागतात, हाफ विंडसरला ६ आणि पूर्ण विंडसरला ८. क्लिपच्या बाबतीत हे आकडे अगदी उपयोगाचे आहेत. पूर्ण विंडसर पाच-साडेपाच सेंटिमीटरच्या दांडीवर मावत नाही. कॉलरच्या कडा गाठीवर चढतात, गाठ दोन्हीकडून दाबली जाते आणि चिमटे सुटतात. हॉटेल लाइनमध्ये विंडसरचा आग्रह असतो, ट्रेनिंगमध्ये तीच शिकवतात, कारण ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. पण क्लिप लावायची असेल तर फोर-इन-हँड बांधा. ती थोडी तिरकी बसते, ते चालतं. दोन्ही बाजूंच्या कडा समांतर आल्या की तो तिरकेपणा डोळ्यांना खुपत नाही. गाठ फारच बारीक वाटत असेल तर वळसे वाढवण्याऐवजी जाड अस्तराचा टाय घ्यावा. ज्यांच्या नावाने विंडसर गाठ ओळखली जाते ते ड्यूक ऑफ विंडसर (ब्रिटनचे माजी राजे आठवे एडवर्ड) स्वतः हेच करत: जाड अस्तराचे टाय आणि साधी गाठ.

टाय घेताना आणखी एक बघा. तो मधोमध धरून लोंबता सोडा. सरळ राहिला तर कापड तिरपं कापलेलं आहे. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी कापड ४५ अंशांत कापून तीन तुकड्यांत टाय शिवायची पद्धत आणली, आणि तेव्हापासून चांगला टाय तसाच शिवला जातो. त्यामुळेच तो ताणला तरी परत मूळ आकारात येतो. सुटताच पीळ खाणारा टाय क्लिपखाली दिवसभर एका बाजूला वळत राहतो. त्याला कुठलीही क्लिप सरळ करू शकत नाही.

आता टिकाऊपणा, कारण नवी मुंबईच्या हवेत खरी परीक्षा तीच. पहिली क्लिप सोनेरी मुलाम्याची होती, स्वस्तातली. एप्रिलपर्यंत झकास. मे महिन्यात चिमट्यांच्या आतल्या बाजूचा मुलामा गेला आणि खालचं पितळ उघडं पडलं. घामातलं मीठ आणि पितळ एकत्र आलं की हिरवट थर धरतो. तो पांढऱ्या कॉलरच्या कडेवर उतरला. लिंबू चोळून डाग फिका झाला, पण पूर्ण गेला नाही. लॉकरमध्ये ओला रेनकोट आणि क्लिप एकत्र राहिली तर पावसाळ्यात हा प्रकार आणखी लवकर होतो. त्यानंतर स्टेनलेस स्टीलची घेतली. जून ते सप्टेंबर रोज ट्रान्स हार्बर लोकलचा प्रवास, ऐरोली-रबाळेपर्यंत दारात उभं राहून अंगावर घेतलेला पाऊस, एसी लॉबीतून बाहेर पोर्चमध्ये गेलं की सुटणारा घाम, एवढं सगळं होऊनही तिला काही झालेलं नाही. ३१६ ग्रेडचं स्टील मिळालं तर उत्तम, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि मिठाच्या माऱ्याला ते जास्त टिकतं. ग्रेड लिहिलेला नसेल तर छोटं लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटलं तर मी ती क्लिप घेत नाही.

चिमट्याची आतली बाजू भिंगाखाली पाहिल्यासारखी पाहा. काहींना आत बारीक दात असतात. पकड जबरदस्त, पण कॉलरच्या कडेवर रोज त्याच जागी दोन टिंबं उमटतात, इस्त्रीने जात नाहीत आणि काही महिन्यांत तिथे कापडाचे धागे फुलू लागतात. आत गुळगुळीत आणि स्प्रिंग कडक, असा चिमटा हवा. स्प्रिंग कालांतराने सैल होते, माझ्या स्टीलच्या क्लिपची उजवी बाजू गणपतीच्या सुमारास घसरायला लागली. पक्कडीच्या दोन जबड्यांत जाड कापड घालून हलकेच दाबली, पुन्हा बसली. मुलाम्याच्या क्लिपवर हा इलाज करू नका, तडा जातो.

कुठल्या कॉलरला चालते? टोकं खाली उतरणारी साधी पॉइंट कॉलर सगळ्यात चांगली. थोडी पसरट असली तरी चालेल. पूर्ण कटअवे, म्हणजे टोकं जवळजवळ खांद्याकडे वळलेली, तिला अजिबात नाही. दांडी पुरतच नाही आणि जबरदस्तीने पुरवली तर कॉलर चुरगळते. बटण-डाउनला आधीच बटणं आहेत, तिथे हिची गरज नाही. आणि कॉलरचा नंबर बरोबर नसेल तर आधी शर्ट बदला. ३९ चा गळा असलेल्याने ४२ चा शर्ट घातला, तर क्लिप लावूनही मागची पट्टी मानेपासून सुटलेली दिसणारच. आपल्याकडे रेडिमेड शर्टावरचा हा आकडा कॉलरचे सेंटिमीटर असतात, टेपने मान मोजून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

झिपवाल्या तयार टायचीही चौकशी बरेच जण करतात. त्याची गाठ प्लॅस्टिकच्या साच्यावर बसवलेली असते, त्यामुळे तिचा आकार बिघडत नाही हे खरं. पण तिला खळी नसते, ती लांबून ओळखू येते, आणि झिप अडकली की टाय गेला.

लग्नाचं म्हणाल तर मेव्हण्याच्या रिसेप्शनला, मे महिन्यात, ठाण्याच्या एका हॉलमध्ये मी त्याला क्लिप लावून दिली. स्टेजवर तीन तास लोक येऊन मिठ्या मारत होते, वाकून नमस्कार चालू होते. फोटोग्राफर इतर सगळ्या पुरुषांचे टाय सारखे करत फिरत होता. नवऱ्या मुलाच्या टायला त्याला एकदाही हात लावावा लागला नाही.

युनिफॉर्मवर लावणार असाल तर आधी डिपार्टमेंट हेडला दाखवून घ्या. ग्रूमिंगच्या नियमांत दागिन्यांबद्दल बंधनं असतात आणि ब्रीफिंगच्या वेळी सगळ्यांसमोर काढायला लागू नये. नेमप्लेट रुपेरी असेल तर क्लिप रुपेरी, सोनेरी असेल तर सोनेरी, आणि खडे-नक्षी काही नको. आमच्या मॅनेजर मॅडमनी आधी नाक मुरडलं, मग आठवडाभर पाहिलं आणि चालेल म्हणाल्या. शर्ट लाँड्रीत टाकण्यापूर्वी क्लिप काढून ठेवा. मी ती नेमप्लेटच्याच डबीत ठेवतो, सोबत कोरडं फडकं. ड्यूटी संपली की पुसून आत. साधी स्टीलची क्लिप मला ३०० रुपयांच्या आत मिळाली. ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड किंवा वाशीत सेक्टर १७ ला पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानांत विचारून बघा, नाही मिळाली तर ऑनलाइन मागवा. मागवताना दांडीची लांबी वाचा: साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असू द्या. साडेचारची फार आखूड पडते आणि साडेसहाची गाठीच्या दोन्हीकडे रिकामी दिसते.