सदाफुलीच्या नावावर कर्करुग्णांची फसवणूक

माझ्या मावशीला स्तनाच्या कर्करोगावर नाशिकमध्ये केमोथेरपी सुरू असताना पंचवटीतील एका गृहस्थांनी तिच्याकडून ‘वनस्पतीजन्य उपचारा’चे बेचाळीस हजार रुपये घेतले. त्यांची पद्धत सविस्तर लिहीत आहे, कारण त्यांच्या बोलण्यातील बऱ्याच गोष्टी खऱ्या होत्या आणि फसवणूक त्या खऱ्या गोष्टींच्या आडूनच झाली.

सदाफुलीपासून कर्करोगाचे औषध बनते, असे त्यांनी सांगितले. ते खरेच आहे. सदाफुलीतील व्हिनक्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही दिले जाते. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्कपेशी मारणारे द्रव्य असते, हेही खरे. मात्र व्हिनक्रिस्टिन पानांत अत्यल्प असते, ते वेगळे काढून शुद्ध करावे लागते आणि शिरेतून, सहसा एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या आतच दिले जाते, कारण मात्रा वाढली की मज्जातंतूंना इजा होते, हे त्यांनी सांगितले नाही. कॅम्प्टोथेसिनच्या सुरुवातीच्या चाचण्या तर गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या होत्या. त्यात रासायनिक बदल करून घडवलेली टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही औषधे अमेरिकेत १९९६ साली मान्य झाली. त्यांनी मावशीला दिलेल्या बाटलीतल्या काढ्यात यांपैकी काय आणि किती आहे, हे सांगणारा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता.

कागद होते ते शोधनिबंधांच्या झेरॉक्स प्रतींचे. अर्क घातल्यावर कर्कपेशी मेल्या, या वाक्याखाली लाल रेघ ओढलेली होती. त्या पेशी प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत वाढवलेल्या होत्या, रुग्णाच्या शरीरातल्या नव्हत्या. हळदीतील कर्क्युमिनही बशीत प्रभावी दिसते, पण पोटातून घेतल्यावर रक्तात फारच थोडे पोहोचते.

सर्वांत घातक होता तो केमो बंद करण्याचा सल्ला. ‘रसायनामुळे काढ्याचा गुण येत नाही’ असे सांगितल्यामुळे मावशीने सलाइनच्या तारखा चुकवल्या आणि गाठ पुन्हा वाढू लागली. तिला दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल हे औषध मुळात यू वृक्षाच्या सालीत सापडलेले आहे, हे रुग्णालयातील डॉक्टरांनी समजावले तेव्हा मला संताप आवरला नाही. आपल्या नंदुरबारात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९७१ साली या औषधाची रासायनिक रचना प्रसिद्ध केली होती. वनस्पतीतून आलेले, माणसांवर तपासलेले औषध सोडायला लावून तिच्या हाती न तपासलेला काढा दिला गेला.

बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक नव्हता, बॅच क्रमांक नव्हता, घटकांची यादीही नव्हती. बिल मागितल्यावर ‘देणगी’ची पावती मिळाली, पैसे परत मागताच देणगी परत होत नसते, असे उत्तर आले. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे, म्हणून त्यांचे सारे दावे तोंडीच असत आणि पत्रकावर फक्त ‘शरीरशुद्धी’ छापलेले असे.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली असून उरलेल्या सीलबंद बाटल्या, पावती आणि संदेश जपून ठेवले आहेत. ज्यांनी असा काढा घेतला असेल त्यांनी तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अवश्य दाखवावा, रागावतील म्हणून लपवू नये. यकृताच्या तपासणीत बिघाड दिसल्यास केमोची मात्रा ठरवताना काढ्याची माहिती त्यांना लागते.