वॉल्ब्रो २५५: पंप उत्तम, पण आधी वायर आणि पाइप बघा

वॉल्ब्रोचा जीएसएस ३४२, म्हणजे ज्याला सगळे नुसतं 'टू फिफ्टी फाइव्ह' म्हणतात तो पेट्रोलच्या टाकीत बसणारा इंधन पंप, माझ्या जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये बसवून वर्ष उलटलं. पंप मला मनापासून आवडलाय. तरी घरी हे काम करायला निघालेल्या कुणालाही मी आधी हेच विचारेन, की रिले (मोठा करंट जोडणारा, विजेवर चालणारा स्विच), जाड वायर आणि टाकीत बुडणारा पाइप आणलात का?

गाडीला १.८ टर्बो इंजिन, कंपनीकडून १५० पीएस. रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) केल्यावर खंबाटकी चढताना थर्डमध्ये पूर्ण पाय दिला की वरच्या आरपीएमला ती अडखळायची. प्लग, कॉइल सगळं बघून झालं, मग इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, म्हणजे रेलवर, प्रेशर गेज लावला. या इंजिनाचा रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचा दाब ठरवणारा भाग, ३ बारचा आणि तो इनटेकमधल्या दाबाप्रमाणे हलणारा. टर्बोचा १ बार बूस्ट (हवेचा जादा दाब) आला की रेलमध्ये ४ बार दिसायला हवेत. इथे काटा चढायच्या ऐवजी उतरत होता. जुन्या पंपात दम राहिला नव्हता. त्यात आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. साध्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त, आणि काठावर चालणारा पंप आणखी कमी पडणार.

वॉल्ब्रोचं २५५ म्हणजे तासाला २५५ लिटर, पण तो आकडा ठरावीक दाबाला आणि पुऱ्या व्होल्टेजला. दाब वाढला की प्रवाह कमी, व्होल्टेज घसरलं तरी कमी. जुन्या गाडीत बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत येणारी बारीक वायर, गंजलेली अर्थ आणि थकलेले कनेक्टर मिळून एक-दीड व्होल्ट सहज खातात. हा पंप जोर लावताना सात-आठ अँपिअर ओढतो, त्यामुळे घट आणखी वाढते. नवा पंप जुन्या वायरीवर टाकून 'काही फरक नाही' म्हणणारे बरेच भेटतात, त्यांची गोम इथेच असते.

मी बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली, बॅटरीजवळच फ्यूज दिला, मागे ३० अँपिअरचा रिले बसवला आणि पंपाची मूळ वायर त्या रिलेच्या कॉइलला दिली. हे शेवटचं फार महत्त्वाचं. इंजिन बंद पडलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, पंप बंद करतो. अपघातात तीच तुमची सुरक्षा. डॅशवर बटण लावून पंप थेट चालवणारे लोक ती सुरक्षा काढून टाकतात. असं कुणी करून देत असेल तर तिथून गाडी परत घेऊन या.

दुसरी गोष्ट पाइप. बाजारात मिळणारा चांगला इंजेक्शन होस, ज्यावर ३०आर९ छापलेलं असतं, तो आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही. टाकीत बुडाला की फुगतो, मऊ पडतो. टाकीच्या आत ३०आर१० लागतो. वीतभर तुकड्याला लोक खळखळ करतात इतका तो महाग आहे, पण घ्याच. आतल्या वायरींच्या जोडाला साधी टेपही चालत नाही, तिचा गोंद पेट्रोलमध्ये सुटतो.

बसवणं या गाडीत अवघड नाही. मागची सीट उचलली की झाकण, खाली मोठी प्लास्टिकची रिंग. मूळ मोटर काढून वॉल्ब्रो त्याच डब्यात बसतो, थोडं कापावं लागतं. पंपाच्या तोंडाला नवी जाळी लावा. रिंगखालचं रबर सीलही नवं घ्या, जुनं पेट्रोलने फुगलेलं असतं आणि खोबणीत परत नीट बसत नाही. रिंग सैल करायला लाकडी ठोकळा किंवा पितळ वापरा, लोखंडी छिन्नी अजिबात नको. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात आणि सोसायटीच्या तळघरात साचून राहते. टाकी पावच्या खाली, बॅटरीची निगेटिव्ह सुटलेली, अग्निशामक हाताशी, एवढं नसेल तर त्या दिवशी काम नको.

निकाल? गेजचा काटा आता बूस्टबरोबर सरळ चढतो आणि तिथेच राहतो. घाट ती एका दमात चढते, ऐकायलाच सुंदर वाटतं. पंपाचा सूं आवाज मागच्या सीटवर येतो, उन्हाळ्यात टाकी कमी असली की जास्त. पंपाला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं, म्हणून मी पाव टाकीखाली जाऊ देत नाही.

स्विफ्ट, आय२० किंवा कुठल्याही रीमॅप न केलेल्या गाडीत हा पंप घालू नका. इंजिन घेतं तेवढंच घेणार, उरलेलं पेट्रोल नुसतं फिरून तापणार, आणि रिटर्न लाइन अरुंद असेल तर आयडलला दाब वाढून गाडी रिच, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोलवर, चालणार. तिथे मूळ दर्जाचीच मोटर घ्या. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबाबतचं कलम ५२ आणि विमा या दोन्हींचा विचारही आधीच करा. खरेदी बिलावर करा. या पंपाच्या नकला भरपूर आहेत, किंमत निम्मी दिसली तर तो घेऊ नका.

जोडून झाल्यावर सीट लगेच बसवू नका. चावी नुसती ऑन करून पंप दाब भरू द्या, रिंगभोवती बोट फिरवून बघा. मग टाकी फुल करून पुन्हा बघा, कारण सीलची गळती भरल्या टाकीलाच दिसते.