हँडब्रेक सुटत नाही: चेंबर बदलावा, व्हॉल्व्ह की नुसता ड्रम खोलावा?

जुन्या बसचा हवेचा हँडब्रेक अडकला की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो, "चेंबर गेलाय, नवा टाका." चेंबर म्हणजे मागच्या चाकाजवळचा पत्र्याचा डबा, त्यातली हवा आणि स्प्रिंग ब्रेक लावते-सोडते. माझं म्हणणं एवढंच, की पैसे काढण्याआधी अर्धा तास गाडीखाली घालवा. आमची बस खाडीकाठच्या गावात उघड्यावर उभी असते आणि हा खर्च मी एकदा चुकीच्या जागी केला आहे.

ऑगस्टात तीन दिवस पावसाने खळ घेतला नव्हता. चौथ्या दिवशी पहाटे भाडं होतं. गेजवर पूर्ण हवा, हँडब्रेक सोडला, पहिला गिअर टाकला, तर गाडी मागच्या डाव्या चाकावर दबली आणि तिथेच थांबली. फिटरने चेंबर बदलला. चाक जाम ते जामच. शेवटी दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "रॉड तर मागे गेलाय की. चेंबरला कशाला हात लावलात?" रॉड म्हणजे चेंबरमधून बाहेर येऊन ब्रेक ढकलणारी दांडी. ती सुटली होती, पण ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) गंजून आतले लायनर, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, त्याला चिकटले होते. गाडी पुढेमागे दोनदा झुलवल्यावर 'टक्' असा आवाज आला आणि चाक सुटलं.

गोम अशी की पायाचा ब्रेक हवेने लागतो, हँडब्रेक मात्र हवेने सुटतो. चेंबरमधली जाड स्प्रिंग सतत ब्रेक लावायला पाहते, हवा तिला दाबून ठेवते. हवेच्या टाकीत दाब सात-आठ बार हवा (बार हे दाबाचं माप). हवा पाचच्या खाली रेंगाळली तर स्प्रिंग पुरती दबत नाही, ब्रेक अर्धवट घासत राहतो आणि ड्रम तापून लायनर जळल्याचा वास येतो. म्हणून आधी गेज बघा. हवाच भरत नसेल तर दोष कॉम्प्रेसरकडे किंवा गळतीत शोधायचा.

हवा पुरेशी असेल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, एकाला हँडब्रेक लावायला-सोडायला केबिनमध्ये बसवा आणि बाजूला राहून मागचे दोन्ही पुश रॉड बघा. दोन्ही हलले नाहीत तर व्हॉल्व्ह किंवा पाइप. दोन्ही आत गेले पण चाक फिरत नाही, तर ड्रम. एकाच बाजूचा अडकला तर त्या चेंबरचा रिलीज बोल्ट फिरवून स्प्रिंग हाताने मागे ओढा. रॉड सुटला तर दोष चेंबरचा किंवा त्याच्या नळीचा. तरीही बाहेरच राहिला तर ब्रेकचा कॅमशाफ्ट (रॉडने फिरून लायनर ड्रमवर दाबणारा दांडा) जाम आहे, नवा चेंबर लावून उपयोग नाही.

ड्रमचं काम सगळ्यात स्वस्त: ड्रम उतरवा, गंज घासा, रिटर्न स्प्रिंग बदला, कॅमशाफ्टच्या बुशला ग्रीस द्या. मेहनत आहे, सुटे भाग थोडे.

व्हॉल्व्हचं ठरवताना तो कुठे बसवलाय ते बघा. केबिनमधला हँडब्रेक व्हॉल्व्ह कोरड्यात असतो, त्याला रबर किट (आतल्या रबरी भागांचा संच) बहुतेक वेळा पुरतं. मागच्या अ‍ॅक्सलजवळचा, चेंबरची हवा भरणारा-सोडणारा रिले किंवा क्विक रिलीज व्हॉल्व्ह मात्र चिखल आणि खाऱ्या वाऱ्यात असतो. उघडल्यावर आत अ‍ॅल्युमिनियमला पांढरी पूड धरलेली आणि व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटवर खड्डे दिसले तर किट टाकू नका, नवाच घ्या. मी एकदा किटावर भागवलं, तर दिवाळीच्या आत पुन्हा फुसफुस सुरू. आधी टाकीचा ड्रेन कॉक उघडून बघा. नुसतं पाणी पडलं तर रोज काढायची सवय लावा. दुधाळ, तेलकट पाणी आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. ते न थांबवता नवा व्हॉल्व्ह टाकलात तर तोही त्याच वाटेने जाईल.

आता चेंबर. त्याचे दोन भाग असतात, एक पायाच्या ब्रेकचा आणि एक हँडब्रेकच्या स्प्रिंगचा. हँडब्रेक सुटलेला असताना चेंबरच्या श्वासाच्या भोकातून (हवा आत-बाहेर जायच्या छोट्या भोकातून) हवा येत असेल तर स्प्रिंगकडचं रबर फाटलंय. चेंबरमध्ये दोष निघाला तर तीन रस्ते असतात: दुरुस्ती, जुन्या बाजारातला चेंबर किंवा नवा. पायाच्या ब्रेककडचा डायफ्राम (रबरी पडदा) फाटला असेल तर तो स्प्रिंग बोल्टने आवळून जाणता फिटर बदलू शकतो, पत्रा शाबूत असेल तर तेवढंच करा. स्प्रिंगचा भाग मात्र कोणालाही खोलू देऊ नका. ती स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. किनाऱ्यावरच्या गाडीत त्या भोकाशी बोट लावलं आणि गंजाचे पापुद्रे हाताला आले, तर पूर्ण नवा चेंबर घ्या. जुना वापरलेला मी फुकट मिळाला तरी लावणार नाही, कारण आतली स्प्रिंग किती खाल्ली आहे ते बाहेरून कळत नाही.

कधी कोणी म्हणेल, बोल्ट आवळून ट्रिप मारून या, आल्यावर बघू. गॅरेजपर्यंत रिकामी गाडी सावकाश नेण्यापुरतं ते ठीक. दोन्ही चेंबर आवळलेत तर हँडब्रेक उरतच नाही, आणि हवा गेल्यावर गाडी धरणारा शेवटचा ब्रेकही तोच असतो. पॅसेंजर बसवून कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरायला ती गाडी नेऊ नका, भाडं बुडालं तरी चालेल.

पावसात गाडी लावण्याआधी शेवटचे दोन-तीनशे मीटर ब्रेक हलका दाबून चालवा, म्हणजे ड्रम कोरडे होतात. भाडं नसलं तरी रोज सकाळी एकदा चार हात पुढेमागे करा. तेव्हापासून आमचं डावं चाक चिकटलेलं नाही.