डिग, क्रॉन आणि गिट: डीएनएस नोंदींवर पहारा ठेवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

काही लहान संस्थांच्या आणि दुकानांच्या वेबसाइट व मेल मी सांभाळते. साइट उघडते की नाही हे बघणारं मॉनिटरिंग आधीपासून होतं. डीएनएसवर, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर, वेगळा पहारा बसवला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या बिघाडानंतर. तेव्हा डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेस सेवेच्या पत्त्याची नोंदच रिकामी झाली होती. सेवा जागेवर, पण तिचा पत्ता कुणालाच सापडेना.

रचना अगदी साधी आहे. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम, दर पाच मिनिटांनी एक स्क्रिप्ट चालवतो. ती डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने प्रत्येक डोमेनच्या एनएस (नोंदी कोणत्या नेमसर्व्हरवर आहेत), ए (साइटचा आयपी पत्ता), एमएक्स (मेल कुठे जाते) आणि टीएक्सटी (इतर मजकूर) नोंदी विचारते आणि उत्तरं गिटमधल्या, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या, फाइलींत लिहिते. फरक पडला की टेलिग्रामवर निरोप येतो.

या सगळ्याचं चीज एका ग्राहकाच्या वेळी झालं. दुपारी निरोप आला, एनएस बदलले. नवी साइट करणाऱ्याने नेमसर्व्हर परस्पर नव्या होस्टिंगकडे वळवले होते आणि तिथे फक्त ए नोंद भरली होती. साइट झकास उघडत होती, जुना मॉनिटर हिरवागार. एमएक्स मात्र गायब! एमएक्स नसली की मेल थेट ए नोंदीच्या पत्त्यावर जाते, म्हणजे इथे वेब होस्टिंगच्या दारात, आणि तिथे या लोकांचे मेलबॉक्सच नव्हते. गिटच्या डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक) जुन्या एमएक्स आणि एसपीएफच्या (डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी टीएक्सटी नोंद) ओळी लाल रंगात समोर होत्या, त्या जशाच्या तशा नव्या जागी भरल्या. डॉट कॉमच्या एनएस नोंदी ४८ तासांपर्यंत कॅशमध्ये राहू शकतात, त्यामुळे बरेच रिझॉल्व्हर (आपल्या वतीने डीएनएसमध्ये पत्ता शोधणारे सर्व्हर) अजून जुन्याच नेमसर्व्हरला विचारत होते. तेवढी उसंत मिळाली, ती केवळ बदल लगेच कळला म्हणून.

म्हणूनच माझा आग्रह आहे की एनएस थेट डॉट कॉमच्या सर्व्हरला विचारा आणि बाकीच्या नोंदी त्या डोमेनच्या स्वतःच्या नेमसर्व्हरला. नेहमीच्या रिझॉल्व्हरला विचारलंत तर कॅशमधलं शिळं उत्तर मिळेल.

उत्तरं सॉर्ट करूनच साठवा, कारण एकाहून जास्त पत्ते असले की त्यांचा क्रम सारखा बदलतो. डिगच्या फक्त उत्तर दाखवणाऱ्या ‘शॉर्ट’ पर्यायावरही विसंबू नका. सर्व्हफेल (सर्व्हरला उत्तर देता आलं नाही) असो की एनएक्सडोमेन (असं नावच नाही), दोन्हींत ओळ रिकामीच येते आणि डिगचा एक्झिट कोड शून्यच, म्हणजे ‘सगळं ठीक’, राहतो. पूर्ण उत्तरातली स्टेटसची ओळ वाचायलाच हवी. उत्तर न येणं आणि वेगळं उत्तर येणं यांचे निरोप मी वेगळे ठेवलेत, कारण पहिला प्रकार बऱ्याचदा पुढच्या फेरीत आपोआप मिटतो. दुसऱ्यासाठी मी हातातलं काम सोडून उठते.

सीडीएनमागच्या, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरांच्या जाळ्यातून पोहोचवल्या जाणाऱ्या, साइटच्या ए नोंदींना ही पद्धत चालत नाही. तिथे पत्ते सतत फिरतात, म्हणून त्या वगळून फक्त एनएस, एमएक्स आणि टीएक्सटी बघते. डोमेनची मुदत संपत आल्याचंही यातून कळत नाही, त्यासाठी हूइजमधली (डोमेन नोंदणीची माहिती) तारीख वेगळी तपासावी लागते.