नॅनोक्रिस्टलाइन निकेलची पट्टी: ताकद आहे, पण ताणू नका

तीन स्टार, त्यातले अडीच नुसत्या ताकदीचे. पट्टी प्लेटिंगने (विजेने द्रावणातून धातू चढवून) बनवलेली, ग्रेन (धातूतले बारीक स्फटिक) साधारण 30 नॅनोमीटरचे, म्हणजे नेहमीच्या निकेलपेक्षा शेकडो पट बारीक, टेन्साइल मशीनवर (ओढून ताकद मोजायचं यंत्र) 1000 मेगापास्कलच्या (ताकदीचं एकक) वर आरामात गेली. ग्रेन बारीक केले की धातू कणखर होतो हे हॉल आणि पेच हे संशोधक 1950 च्या दशकातच सांगून गेलेत, त्यामुळे इथे तक्रार नाही.

रडगाणं डक्टिलिटीचं, म्हणजे न तुटता ताणलं जाण्याचं. डेटाशीटवर एलाँगेशन (ताणल्यावर किती लांबते ते) 8 टक्के, ते बघूनच घेतली, आणि आमच्याकडे 3 टक्क्यांच्या आतच एका जागी नेकिंग (तिथेच पातळ होत जाणं) सुरू होऊन तुटली की! खोदून विचारल्यावर कळलं की त्यांचा आकडा अगदी आखूड नमुन्यावरचा आणि तोही तुटेपर्यंतचा, म्हणजे नेकिंग झाल्यावरची ओढपण त्यातच धरलेली. अहो, सगळीकडून एकसारखी किती ताणली जाते ते सांगा ना. एवढ्याशा ग्रेनमध्ये डिसलोकेशन (स्फटिकातला सरकणारा दोष, ज्याच्यामुळे धातू ताणला जातो) साठायला जागाच नसते, एका बाउंडरीतून (दोन ग्रेनमधली सीमा) निघतं आणि समोरच्या बाउंडरीत गडप, म्हणून ताणताना धातू आणखी कडक होत नाही आणि जिथे जरा पातळ झाला तिथेच सगळा भार येतो.

मग म्हटलं थोडी तापवून बघू, कारण तांब्यात हे जमलेलं आहे, 2002 मध्ये लिक्विड नायट्रोजनच्या थंडीत रोल केलेलं तांबं 200 डिग्रीच्या आसपास काही मिनिटं ठेवलं तर बारीक ग्रेनमध्ये थोडे मोठे ग्रेन तयार झाले आणि ताकद फार न घालवता ते 30 टक्के एकसारखं ताणलं गेलं. आमची पट्टी मात्र भट्टीतून काढली तर हातानेच कटकन मोडली!! कारण काय, तर ग्रेन बारीक राहावेत म्हणून प्लेटिंगच्या द्रावणात सॅकरिन टाकतात (हो तेच, गोड गोळ्यांमधलं), त्यातलं सल्फर निकेलमध्ये राहतं आणि तापवलं की बाउंडरीवर जाऊन बसतं. डेटाशीटवर याचा एक शब्द नाही, खरा राग त्याचाच आहे.

घासली जाणारी, झिजणारी जागा असेल तर डोळे झाकून घ्या. वाकवायचं असेल तर नको, त्यापेक्षा नॅनोट्विन्ड तांबं (ज्याच्या ग्रेनमध्ये एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे अतिपातळ थर असतात) बघा, 2004 मध्येच त्यात 1000 मेगापास्कलच्या वर ताकद आणि 13 टक्के एलाँगेशन एकत्र दाखवलंय, त्या थरांमधली सीमा, म्हणजे ट्विन बाउंडरी, डिसलोकेशनला अडवते पण साठायला जागाही देते.

सप्लायरकडे सल्फरचं प्रमाण आणि पूर्ण स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह (किती जोराला किती लांबली त्याचा आलेख) मागितलाय, अजून उत्तर नाही. आलं की स्टार बदलतो, वर किंवा खाली.