बुक स्कॅनर अख्खं सत्र वापरल्यावर: यंत्र ठीक आहे, फॉन्टचं काय करायचं?

दिवाळीच्या सुट्टीनंतर स्कॅनर बंद पडला, म्हणून हे लिहायला मुहूर्त लागला. वर कॅमेरा, खाली काळी चटई, पायाने दाबायचं पेडल, हा प्रकार वाचणाऱ्यांना माहीत असणार, त्यामुळे मेगापिक्सेल वगैरे सांगत बसत नाही. साडेतेरा हजारांना पडला. मी पूर्ण अंध, एम.ए. इतिहास, मराठी माध्यम, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. साडेतेरा हजारांत माझे किती महिन्यांचे डबे होतात ते मनात मोजून मगच पैसे दिले होते.

हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, पुढचा दिवा हिरवा आहे की लाल?"

"मला दिसत नाही."

"म्हणजे दिवा लागलेलाच नाही?"

"दिवा लागला असेल हो. मी अंध आहे."

पलीकडे थोडा वेळ सामसूम. मग, "घरात कोणी बघणारं आहे का?"

रूममेटने बघून सांगितलं, लाल. सर्व्हिस सेंटरने यंत्र ठेवून घेतलं आणि निकाल दिला: बोर्ड गेलाय, चार हजार आठशे, आणि केबल ओढल्याची खूण आहे म्हणून वॉरंटीत बसत नाही. मी भांडले. मग साहेबांशी बोला, साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत. शेवटी यंत्र उचललं आणि तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नेलं. तिथल्या दुकानदाराने पिन हलवून बघितली, दुसरी केबल लावली, दीडशे रुपये घेतले. बोर्ड अजून ठणठणीत आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण दुरुस्तीचे पैसे भरण्याआधी तपकीर गल्लीत एक चक्कर जरूर मारा.

आता वापराबद्दल. पेडल उत्तम. पान उलटायचं, तळव्याने सपाट करायचं, पाय दाबायचा. दोनशे पानांचं पुस्तक दुपारच्या झोपेच्या वेळात होतं. सोबतचं सॉफ्टवेअर मात्र कोणी आंधळा वापरेल हे कंपनीच्या गावीही नाही. बटणांना नावंच दिलेली नाहीत. टॅब दाबत गेलं की एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर, म्हणतं, "बटन. बटन. बटन. बटन." कुठलं सेव्हचं आणि कुठलं डिलीटचं हे जागेवरून पाठ केलं. मग एक अपडेट आलं आणि जागा बदलल्या.

एनव्हीडीएबद्दल तक्रार नाही. ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रॅमरने २००६ साली सुरू केलेलं, आजही फुकट. त्यातला मराठी आवाज यंत्राचा वाटतो, पण सवय झाली की वेग वाढवता येतो. माझ्या वेगाला रूममेट मिक्सर म्हणते.

सोबतच्या ओसीआरमध्ये (फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय) हिंदी आहे, मराठी नाही. हिंदीवर चालवलं की 'ळ' जातो, टिळकांचे 'टिलक' होतात. म्हणून मी पीडीएफ ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडते. तिथे मराठी बरीच बरी येते. तरी फिकट छपाईत देवनागरी १ आणि ९ मध्ये गडबड होते. माझ्या एका नोट्समध्ये पेशवाई १८१८ ऐवजी १८९८ साली बुडाली, म्हणजे १८९७ साली पुण्यात रँडचा खून झाला तेव्हा पेशवे गादीवर होते! सालं सगळी पुन्हा तपासावी लागतात, आणि इतिहासात सालांशिवाय दुसरं असतं काय.

इथवर वाचून वाटेल की पाचपैकी साडेतीन तारे. मीही तेवढेच दिले असते. पण मध्यंतरी माझं मत फिरलं, आणि त्यात स्कॅनरचा दोष नाही.

मी सर्वात जास्त काय स्कॅन करते? पुस्तकं नाही. वर्गातल्या नोट्स. त्या ग्रुपवर पीडीएफ म्हणून येतात आणि ती पीडीएफ म्हणजे छापील कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो असतो, अर्ध्या पानावर बोटाची सावली. शेवटी सरांना म्हटलं, "सर, ज्यावरून प्रिंट काढलीत ती फाइलच द्या ना." सर भले आहेत. म्हणाले, "अगं, अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्याकडे आहे, मागवतो." फाइल आली. आनंदाने उघडली आणि एनव्हीडीए बोलायला लागलं: "कॅपिटल के, टिल्ड, डॉलर, स्मॉल एक्स, ब्रॅकेट." चाळीस पानं हेच.

जुना फॉन्ट. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: या फॉन्टांत पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं, फक्त त्याचं चित्र 'क'चं काढलेलं. डोळस माणूस चित्र वाचतो, स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था याच पुण्यात बसून भारतीय भाषांवर काम करतं. आणि त्याच पुण्यात परीक्षेच्या नोट्स अजून "टिल्ड डॉलर"मध्ये.

मग मी काय केलं? ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सवाल्या काकांकडे गेले, पानाला दोन रुपये देऊन प्रिंट काढली, घरी आणून पेडल दाबत चाळीस पानं स्कॅन केली आणि ओसीआर केलं. कॉम्प्युटरवरची फाइल कॉम्प्युटरकडून वाचून घेण्यासाठी ऐंशी रुपये आणि एक संध्याकाळ. याचाच राग आहे. केबल, बटणं, हेल्पलाइन, सगळं यापुढे किरकोळ.

नंतर जुन्या फॉन्टातलं युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर सापडला. फुकटात मिळतात, पण नेमका कुठल्या घराण्याचा फॉन्ट आहे ते आधी माहीत हवं. चुकीचा निवडला की पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, कारण जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षरं फुटतात. तरी ओसीआरपेक्षा दहा पट बरं, आणि साल चुकत नाही.

ग्रंथालयात वेगळंच. मॅडमनी पुस्तक स्कॅन करायला मनाई केली, "कॉपीराइट आहे". मी मोबाइलवर कलम वाचून दाखवलं: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायला सवलत आहे. अंधांना वाचता येतील अशा प्रतींसाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारतच, २०१४ मध्ये. मॅडमनी पुस्तक दिलं, पण "पूर्ण नको हं" म्हणाल्या. यूजीसीची २०२२ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. ती कॉलेजला पाठवली, पोच मिळाली. सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व घ्याच, पण आमच्या सरांच्या नोट्स तिथे कशा असणार.

सरांना मात्र मी सोडलं नाही. म्हटलं, डीटीपीवाल्याला सांगा युनिकोडमध्ये टाइप कर, आणि मथळे नुसते ठळक करू नको, वर्डमधलं 'हेडिंग' लाव. मथळा ठळक केला तर तो डोळ्यांना मथळा, मला ती नुसती आणखी एक ओळ. हेडिंग लावलं की 'एच' दाबत प्रकरणाप्रकरणाने उड्या मारता येतात. वर्गातल्या डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला तीच फाइल मोठी करून, ओळींत अंतर सोडून वाचता येते. हाताने पान उलटता न येणाऱ्या मैत्रिणीलाही तीच चालते. स्कॅनर यांतल्या एकीच्याच टेबलावर आहे.

दुसऱ्या सत्राची पहिली फाइल युनिकोडमध्ये आली. हेडिंगसकट. डीटीपीवाल्याने जास्तीचे पैसे मागितले नाहीत. सर म्हणाले, "तो म्हणतो, आधी सांगायचं ना."

तेव्हा, स्कॅनर घ्यावा का? जुनी पुस्तकं, गॅझेटियर, ग्रंथालयातले छापील खंड वाचायचे असतील तर घ्या, मराठी ओसीआरची सोय दुसरीकडे बघा, आणि अपडेट करू नका. फक्त कॉलेजच्या नोट्ससाठी घेत असाल तर थांबा, आधी फाइल मागा, ती युनिकोडमध्ये मागा. तारे: यंत्राला तीन, पेडलला पाच. नव्या फाइलमध्ये मराठ्यांच्या मोहिमांचे नकाशे आहेत. एनव्हीडीए तिथे पोचलं की म्हणतं, "ग्राफिक." खाली मजकूर: "नकाशा पाहा." त्याबद्दल सरांशी सोमवारी बोलणार आहे.